दुसरं बटण

रविवारी सकाळी आईचा आवाज बदलायचा. आठवडाभर जो आवाज "मेले का मी इथे? कुठे उलथलीस?" असा खोलीतून स्वयंपाकघरावर येऊन आदळायचा, तोच रविवारी फोन वाजला की मधात बुडवून काढल्यासारखा व्हायचा. फोन पलंगाशेजारच्या स्टुलावर असे. म्हाताऱ्या माणसांसाठी मुद्दाम बनवलेला, मोठ्या बटणांचा, आणि बटणांवर आकड्यांऐवजी फोटो लावायची सोय असलेला. त्यातल्या वरच्या बटणावर तेवढा फोटो होता, धाकट्या मुलाचा. बाकीची बटणं कोरी. फोन त्यानेच पाठवला होता, फोटोही त्यानेच. आणि बरोबरच होतं म्हणा. ताई तर घरातच होती, तिला कशाला फोन लावायचा?

ताई म्हणजे थोरली. तिला भाऊ ताई म्हणायचा, शेजारीपाजारी ताई म्हणायचे, ती ज्या कपडे-दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती तिथे तिच्या वडिलांच्या वयाची गिऱ्हाइकंसुद्धा ताईच म्हणायची. सगळ्या जगाची ताई होण्यात काय मिळतं ते तिलाच ठाऊक. पँटची चेन बदलणं, सुटलेल्या पोटाच्या माणसाची कंबर गुपचूप सैल करून देणं, वाढत्या पोरीच्या फ्रॉकची दुमड सोडणं, ही तिची कामं. आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ते जोडलं ते नीट जुळलंच नाही, आणि आई पलंगाला खिळली. तेव्हापासून ताई अर्धा दिवसच दुकानात जायची. त्या वेळात खालच्या मजल्यावरच्या काकू येऊन बसत. उरलेला दिवस आणि सगळी रात्र ताईची.

धाकटा समुद्रापलीकडे बोगदे खणणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. डोंगराच्या पोटातून आरपार जाणाऱ्या माणसाला बोलण्यात काय अडणार! तो बोलायचा फार सुंदर.

"कशी आहेस आई?"

"मजेत आहे रे राजा. तू लांब एकटा, मला तुझीच काळजी."

"ताई करते ना सगळं नीट?"

"करते हो." इथे एक लहानसा उसासा. "करते बिचारी. हात जरा कडक आहेत तिचे, एवढंच."

हे सगळं ताई तिथेच उभी राहून, कुशीवर वळवलेल्या आईच्या पाठीला पावडर लावता लावता ऐकत असे. आपल्याच कडक हातांबद्दल. तिला वाटे, एकदा, फक्त एकदाच, या बाईच्या तोंडून आपल्याबद्दल एक धड शब्द ऐकावा. मग काय वाटेल ते करीन. असं तिला वाटे, आणि वाटून झालं की ती डायपर बदलायला घेई.

मग आपला मोबाइल घेऊन ती स्वयंपाकघरात जाई आणि भावाला फोन लावी, कारण खरं बोलणं तिथेच व्हायचं. गावाबाहेर टेकडीवर म्हाताऱ्या माणसांचा एक निवास होता. चांगला होता, ताई दोनदा जाऊन बघून आली होती. नर्सा होत्या, उचलायला यंत्र होतं, खिडक्या मोठ्या होत्या. तिथली एक खोली लवकरच रिकामी होणार होती. रिकामी होणार म्हणजे काय, ते कुणी फोड करून सांगत नाही.

"माझ्याच्यानं होत नाही रे आता," ताई म्हणाली. "माझी कंबर गेलीय. मला झोप नाही. मी चिडते तिच्यावर."

"ताई, हे बघ," धाकटा म्हणाला, आणि त्याचा आवाज सभेत बोलल्यासारखा भरून आला. "आईनं त्या घरात आपल्याला वाढवलं. माणसाचं घर म्हणजे त्याची मुळं असतात. ती या वयात उपटायची? आपण कोण आहोत, काय मानतो, हे अशाच वेळी ठरतं ग."

ताईच्या डोक्यात त्या वेळी रबरी चादर होती. धुतलेली वाळली नव्हती आणि दुसरी फाटली होती. मुळांसमोर रबरी चादर काय बोलणार? तिने फोन ठेवला आणि फाटलेली चादर शिवायला घेतली, पण रबर सुईला दाद देत नव्हतं.

असंच चाललं असतं. पण दुकानाच्या मालकीणबाईंना एक मोठं काम मिळालं. लांबच्या बंदराच्या गावात नवं हॉटेल निघत होतं. तिथल्या सगळ्या नोकरमंडळींचे गणवेश शिवून तयार होते आणि एकालाही धड बसत नव्हते. तिथेच राहून एकेकाच्या अंगावर ते बसवून द्यायचे होते. "तीन आठवडे," मालकीणबाई म्हणाल्या. "ताई, तुझ्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही." बघा, याच हातांबद्दल बाहेर लोक असं बोलत होते.

ताईने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून हो निघून गेलं. मग तिने भावाला फोन करून सांगितलं, तू ये. मोठा मुळांच्या गोष्टी करतोस ना, ये आणि पाणी घाल. हे शेवटचं ती मनात म्हणाली. धाकट्याने मात्र एका पायावर होकार दिला. त्याला खरंच भरून आलं होतं. आईची सेवा करायची संधी, म्हणाला.

तो आला तेव्हा आईने त्याचे दोन्ही हात धरले आणि रडली. ताईने त्याला सगळं दाखवलं. कूस कशी बदलायची, सूप किती कोमट, चमचा कुठल्या कोपऱ्यातून, गोळी कशात मिसळायची, रात्री कोणत्या आवाजाला उठायचं आणि कोणत्या आवाजाकडे कानाडोळा करायचा. पडल्यापासून आईचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून लागेल ते उजव्या बाजूलाच ठेवायचं. धाकटा मान डोलवत होता.

"ताई, तू निर्धास्त जा," तो तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "शेवटी आईच आहे ग. ते काय काम आहे?"

ताईने बॅग उचलली आणि निघाली.

बंदराच्या गावी पहिल्या रात्री ती झोपली ती अशी, की सकाळी तिला कुठे आहोत तेच कळेना. उशाशी कुणाचं कण्हणं नव्हतं. खिडकीबाहेर क्रेन होत्या, बोटींचे भोंगे होते, आणि खोलीत फक्त तिच्या स्वतःच्या अंगाचा वास होता. ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली. तिला इतकं हलकं वाटलं की लगेच अपराधी वाटायला लागलं, आणि त्याही सुखातच ती कामाला गेली.

दिवसभर टाचण्या तोंडात धरून ती अनोळखी माणसांच्या खांद्यांशी आणि कमरांशी झटत असे. संध्याकाळी चहा पिता पिता मोलकरणी आणि वाढपी पोरी घरच्या गोष्टी काढत, आणि ताईही आईबद्दल बोलू लागली. बोलता बोलता तिचं तिलाच नवल वाटलं. कारण ती ज्या आईबद्दल बोलत होती, ती पलंगावर नव्हती.

ती आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. नवरा लवकर गेलेला, दोन पोरं, आणि संध्याकाळची पाळी. कानाला हेडफोन लावून ती शेकडो भोकांच्या त्या बोर्डापुढे बसायची, एका माणसाची वायर दुसऱ्याच्या भोकात खुपसायची आणि साऱ्या गावाचं बोलणं इकडून तिकडे पोचवायची. पोरांनी अंधार पडायच्या आत कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जायचं, हा नेम होता. आई तिथल्या फोनवर स्वतःच लाइन जोडायची. "जेवलात का? दप्तर भरलंस का ग? धाकट्याचा खोकला कसा आहे?" काय गोड आवाज होता तो! कानात कुणी पीस फिरवावं तसा. मग मागे कुणाचा तरी घंटीचा आवाज यायचा आणि आई म्हणायची, "ठेव आता. लाइन मोकळी कर." ताई त्या फोनसाठी दिवसभर जीव टांगून ठेवायची. रात्री मात्र आई घरी यायची ती दमून, चिडून, पाय ओढत. भांडं पडलं की पाठीत धपाटा. तरी ताईला कधी वाटलं नाही की आपली आई वाईट आहे. तिला वाटायचं, आपली आई एक्स्चेंजमध्ये असते, आणि रात्री दुसरीच कुणीतरी येऊन झोपते.

"नशीबवान आहात हो तुम्ही," एक वाढपी पोरगी म्हणाली. "अशी आई मिळायला पुण्य लागतं."

ताईने मान हलवली. आणि खोटं बोलतो आहोत असं तिला अजिबात वाटलं नाही.

असे काही दिवस गेले आणि एका दुपारी तिचा फोन वाजला. एका गुबगुबीत दरवानाच्या कोटाची बाही तिच्या हातात होती. पडद्यावर घरचा नंबर होता.

"कोण, ताई का ग?" आई होती. "घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. धाकट्यानं तुझा फोटो लावून दिलाय दुसऱ्या बटणावर. म्हटलं बघावं लागतोय का."

"लागला," ताई म्हणाली.

"जेवलीस का?"

बस्स. एवढं विचारलं आणि ताईचे डोळे भरून आले. दरवान बिचारा एक हात वर करून तसाच उभा राहिला.

त्यानंतर रोज फोन. आई हळू आवाजात बोलायची, कारण धाकटा घरात असे. "तुला म्हणून सांगते, त्याचे हात म्हणजे दगड ग. चमचा दातांवर आपटतो. कूस बदलतो ती पोतं पालथं घातल्यासारखी. तुझा हात कसा हलका. तू असतीस तर एव्हाना मला झोप लागली असती." ताई भिंतीला टेकून ऐकायची. जे ऐकायला तिचा जीव आसुसला होता ते असं दुपारी, रोज, पोटभर मिळत होतं. तिच्या मनात एकदाही आलं नाही की हेच शब्द, फक्त बटण बदलून, ती स्वतः पावडर लावता लावता ऐकत आली होती. आलं असेल तरी तिने ते येऊ दिलं नाही. भुकेलेला माणूस ताट कुणाच्या घरचं आहे ते विचारत नाही.

एका संध्याकाळी समुद्राकाठच्या भिंतीवर बसून तिने ठरवून टाकलं. आईला निवासात पाठवायचं नाही. अशा आईला कुणी पाठवतं का? आयुष्यभर दुसऱ्यांच्या वायरी जोडणाऱ्या बाईला शेवटी परक्यांच्या दारात टाकायचं? तिला स्वतःचाच अभिमान वाटला. तिने लगेच भावाला फोन लावला.

"बोल," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज घासून घासून बोथट झाल्यासारखा होता. "ताई, डायपरचं मोठं पाकीट कुठल्या दुकानातून आणतेस? इथला लहान होतो, बाजूनं गळतो."

"ते सांगते. आधी ऐक. मी ठरवलंय, आईला निवासात नाही पाठवायचं. तू म्हणालास ते बरोबर होतं. घर म्हणजे मुळं असतात."

"ताई, मी काल तिथे जाऊन तिचं नाव घातलं," धाकटा म्हणाला. "खोली रिकामी झालीय. पुढच्या महिन्यापर्यंत धरून ठेवतो म्हणाले. मला रात्रभर जागं ठेवते ग ती. चादर बदलली की पुन्हा. बदलली की पुन्हा. परवा मी न्हाणीघरात जाऊन रडलो."

"आपण कोण आहोत, काय मानतो, हे अशाच वेळी ठरतं," ताई म्हणाली. तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, अगदी मनापासून म्हटलं होतं.

"तू ये आणि मग मान काय मानायचं ते," धाकटा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

भाऊबहिणींनी एकमेकांच्या जागा घेतल्या होत्या आणि सोबत एकमेकांची वाक्यंही उचलली होती. दोघेही खरंच बोलत होते. तिथून आई दिसत होती, इथून चादर दिसत होती, एवढाच काय तो फरक.

काम संपलं आणि ताई परत निघाली. बस सुटली तेव्हा तिच्या मांडीवर आईसाठी घेतलेली लोकरीची शाल होती आणि मनात एक्स्चेंजमधली आई होती. अर्ध्या वाटेवर तिला आठवलं की वॉशिंग मशीनचा पाइप गळतो. गावाच्या वेशीवर आठवलं की पाठीवरची लाल जागा वाढली असेल. आपल्या रस्त्याच्या तोंडाशी उतरली तेव्हा औषधांच्या गोळ्या संपत आल्याचं आठवलं, आणि जिना चढता चढता कंबर दुखायला लागली, अजून कमरेने काही केलं नव्हतं तरी. दार उघडताच तो वास आला. डेटॉलचा, पावडरचा आणि त्याखाली दबून बसलेला. शाल तिच्या हातातच राहिली.

"आलीस?" आई म्हणाली. "केवढा उशीर! याला काही येत नाही. आधी मला वर ओढ. मान लटकलीय माझी."

धाकटा दुसऱ्याच दिवशी गेला. जाताना आईच्या पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडला आणि टॅक्सीत बसल्यावर त्याने जो सुस्कारा टाकला तो ताईने वरच्या खिडकीतून बघितला. ऐकू आला नाही, पण खांदे खाली आलेले दिसले. समुद्रापलीकडे पोचल्यावर आठवड्याभरातच त्याचा फोन आला. "ताई, मी विमानात खूप विचार केला. निवास वगैरे राहू दे ग. शेवटी आई आहे." ताईला हसू फुटलं, आणि ते थांबेना म्हणून तिने तोंडावर फडकं धरलं.

आईचं दुसरं बटण मात्र वाजेनासं झालं. वाजणार कसं? ताई घरातच होती. आता पुन्हा हात कडक होते, सूप एकतर गरम नाहीतर गार होतं, आणि रविवारी धाकट्याला पुन्हा मधाच्या आवाजात सांगणं होतं, "तू होतास तेव्हा कसं छान चाललं होतं रे राजा." ताई पावडर लावत ऐकत होती. तिला आता वाईट वाटण्यापेक्षा राग येत होता, आणि रागापेक्षा जास्त भीती. बसमध्ये मांडीवर घेऊन आणलेली आई कुठे गेली? ती तिला सापडत नव्हती. तिने शोधायचा प्रयत्न केला. भरवताना आईच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. तिला हनुवटीवरचे केस दिसले आणि ओठाच्या कोपऱ्यातून ओघळणारं सूप दिसलं. ते पुसावं लागलं. पुसल्यावर पुन्हा ओघळलं.

महिना संपत आला. निवासातून एक बाई फोन करून गोड आवाजात विचारून गेली. हो की नाही, उद्यापर्यंत कळवा, दुसरे थांबले आहेत. ताई "कळवते" म्हणाली. एका कोपऱ्यात समुद्राकाठच्या भिंतीवरचं तिचं वचन होतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात तिची कंबर. त्या दोघांच्या मध्ये ती उभी होती.

त्या संध्याकाळी आईने वाटी फेकली. कारण काहीच नव्हतं. "कडू आहे" म्हणाली आणि उजव्या हाताने वाटी उडवली. सूप उशीवर, फोनवर, ताईच्या पदरावर, नुकत्याच घातलेल्या चादरीवर. ताईने आईचं मनगट धरलं. जरुरीपेक्षा घट्ट धरलं. आणि दुसरा हात वर गेला.

तो तसाच वर राहिला. आईने डोळे मिटून तोंड बाजूला वळवलं. ओरडली नाही. मार खायची तयारी केलेल्या लहान पोरीसारखा तिचा चेहरा आक्रसला होता. ताईने हात खाली घेतला, मनगट सोडलं, त्यावर उमटलेली आपली बोटं बघितली, आणि खोलीतून, घरातून बाहेर पडून जिन्यात जाऊन बसली. दार तिने उघडंच टाकलं. तिला स्वतःची किळस आली. मग उद्या हो म्हणायचं हे पक्कं झालं, पण ते पक्कं होताना तिला अजिबात सुटल्यासारखं वाटलं नाही. मारायला निघालेल्या मुलीने आईला टाकलं, असंच ते दिसत होतं, आणि तसंच ते होतं.

कमरेला खोचलेला फोन थरथरला. पडद्यावर घर.

आता शिव्या. ताईने फोन कानाला लावला.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. "कोण, ताई का ग? बोलायला वेळ आहे का तुला?"

हा रविवारचा मधाचा आवाज नव्हता. हा त्याच्याही आधीचा होता. औषधाच्या दुकानातल्या काळ्या रिसीव्हरमधून यायचा तो.

"आहे," ताई म्हणाली.

"जेवलीस का?"

"नाही."

"का ग?"

"आईला भरवत होते. तिनं वाटी फेकली."

"तुझी आई पहिल्यापासून तापट," आवाज म्हणाला. "तिचं मनावर घेऊ नकोस."

"मी तिच्यावर हात उगारला."

"लागला का तिला?"

"नाही. पण मनगट धरलं. फार जोरात धरलं."

"तिचा हात तर लागायचासुद्धा. तुला. भांडं पडलं तरी लागायचा. आठवतं का?"

"आठवतं." ताईला रडू आलं. तिने ते आवरलं नाही.

"ती काय तुझ्यावर चिडायची का? नऊ तास लोकांशी गोड बोलून यायची. घरी येईपर्यंत संपलेलं असायचं सगळं. वाईट वाटायचं तिला. तुम्ही झोपलात की बसून राहायची." आवाज जरा थांबला. "जिन्यात गारवा असेल. शाल घेऊन बसायचं."

ताईने मान वर केली. उघड्या दारातून खोलीतल्या दिव्याचा पट्टा दिसत होता.

"तुला कळलं मी कुठे आहे ते?"

"आयुष्य गेलं माझं लोकांचे आवाज ऐकण्यात. माणूस उभा आहे की बसलाय, खोलीत आहे की जिन्यात, सगळं कळतं. आणि दार उघडं आहे, तू मला दोन्हीकडून ऐकू येतेस."

"मी येते आत."

"नको." आई घाईने म्हणाली. "एवढ्यात नको येऊस. आत आलीस की तू बोलत नाहीस, नुसतं करत राहतेस. आणि मी करून घेत राहते. मला माझीच शिसारी येते ग, आणि ती तुझ्यावर निघते. इथून बोललीस की कसं, मी पण पूर्वीसारखी असते. थोडं बोल अजून."

मग त्या बोलल्या. बंदरातल्या क्रेन कशा दिसतात, हात वर करून उभा राहिलेला गुबगुबीत दरवान, मालकीणबाईंची नवी शिलाई मशीन. आई हसली. हसताना खोकली. खोकला ताईला फोनमधूनही ऐकू आला आणि दारातूनही, पण ती उठली नाही.

"स्वयंपाकघरातलं बोलणं इथे ऐकू येतं मला. त्या टेकडीवाल्यांना काय सांगणार आहेस?" आईने विचारलं.

ताईने पदराचं ओलं टोक पिळलं.

"हो सांग," आई म्हणाली.

"आई, मी तुला टाकलं असं होईल ते."

"धाकट्याला तसं वाटेल. तो लांब आहे, त्याला सगळं मोठं मोठं दिसतं. तुलाही वाटेल थोडे दिवस. तिथे कुणीतरी बाई असेल माझं करायला. तिचे हात कडक असतील. मी तुला फोन करून तिच्या कागाळ्या सांगीन." आवाज किंचित कापला आणि पुन्हा सरळ झाला. "फोन नेऊ देतात ना तिथे?"

"देतात. मी विचारलंय."

"मग झालं तर. दुसरं बटण तुझं. अंधारातसुद्धा सापडतं मला ते." आणि मग, मागे कुठलीही घंटी वाजली नव्हती तरी, ती म्हणाली, "ठेव आता. लाइन मोकळी कर."

फोन बंद झाला. ताई जरा वेळ तशीच बसली, मग डोळे पुसून आत गेली. रिसीव्हर जागेवर होता. बटणांवर सूप वाळायला लागलं होतं. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"कुठे उलथली होतीस इतका वेळ?" ती भिंतीला म्हणाली. "पाठ पेटलीय माझी. आणि हे सगळं सांडलंय, दिसत नाही का?"

ताईने फडकं आणलं. काही न बोलता उशी बदलली, चादर ओढून काढली, आईला कुशीवर घेतलं. "हळू!" आई ओरडली. "हात आहेत की लाकडं?"

सकाळी तिने निवासात फोन करून हो सांगितलं. मग त्या गोड आवाजाच्या बाईला विचारलं, खोलीत फोनचा प्लग पलंगाच्या कोणत्या बाजूला आहे. डाव्या, ती बाई म्हणाली, त्याने काही बिघडतं का? ताई म्हणाली, हो, बिघडतं, तो उजव्या बाजूला घ्यायला लागेल.